लेखकाच्या हातातील मणीकाम

दिवसभर लिहून उठलेल्या माणसाचा थकवा अंगमेहनतीच्या थकव्याहून निराळा असतो, कारण त्यात शरीर फारसे शिणलेले नसते आणि तरीही मन पुढचे वाक्य उचलायला तयार नसते. अशा वेळी विश्रांतीची जी रूढ साधने हाताशी येतात, म्हणजे वाचन, गप्पा, चित्रपट, मोबाइलवरचा मजकूर, ती सगळी शब्दांनीच भरलेली असतात. त्यामुळे वेळ जातो, पण थकवा उतरत नाही. मणीकाम, म्हणजे काचेचे बारीक मणी सुई-दोऱ्याने एकमेकांत गुंफून त्यांची पट्टी, जाळी, तोरण किंवा दागिना घडवण्याची कला, या ठिकाणी विशेष उपयोगी पडते. त्यात निवड आहे, मोजदाद आहे, पुनरावृत्ती आहे, उसवणे आणि पुन्हा गुंफणे आहे. रचनेची बहुतेक सारी अंगे तिथे आहेत आणि शब्द मात्र एकही लागत नाही. लेखकाने मणीकामाकडे वळावे ते या कारणासाठी, आणि हे कारण ध्यानात ठेवले तर साहित्य कोणते घ्यावे, किती वेळ बसावे, केव्हा थांबावे या पुढच्या प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

मराठी घरांना ही कला परकी नाही. दारावरचे मण्यांचे तोरण, देवापुढची महिरप, रुखवतात मांडलेले मण्यांचे हत्ती आणि बाहुल्या, तंगुसावर म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक दोऱ्यावर विणलेल्या पर्स या वस्तू मागच्या दोन-तीन पिढ्यांतील स्त्रियांनी आवडीने केल्या, आणि मंगळसूत्राची काळी पोत गाठवून देणारा पटवेकरी तर बाजारपेठेचा जुना घटक आहे. शेजारच्या सौराष्ट्रात १९व्या शतकात बाहेरून आलेल्या काचमण्यांवर मोतीकामाची समृद्ध परंपरा उभी राहिली. मण्यांची मुळे मात्र याहून फार खोल जातात. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी मिळाले असून त्यांचा काळ आजपासून सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा मानला जातो, तर लेखनविद्येचे वय जेमतेम पाच-साडेपाच हजार वर्षांचे आहे. ठिसूळ कवचाचा तुकडा न फोडता त्याला भोक पाडणे, कडा घासून गोल करणे आणि तसे अनेक तुकडे एका दोऱ्यात आणणे हे काम माणसाचा हात अक्षर काढायला लागण्याच्या कितीतरी आधीपासून करीत आला आहे. लेखकाने मणी हाती घेणे म्हणजे लेखनाहून जुन्या अशा एका रचनाकर्माकडे जाणे होय, आणि त्याला निव्वळ विरंगुळा समजणे हे त्याचे मोल कमी करणे ठरेल.

मणी आणि ध्यान यांचा संबंध म्हटला की जपमाळ आठवते, परंतु जप आणि मणीकाम यांत एक महत्त्वाचा भेद आहे. जपमाळेत १०८ मणी आणि एक मेरुमणी असतो. प्रत्येक मण्यागणिक नाम घेतले जाते, आणि मेरुमणी न ओलांडता माळ उलट फिरवली जाते, म्हणजे तिथे मणी आधीपासून ओवलेला असतो आणि तो नामाची मोजणी ठेवतो. मणीकामात मणी अजून ओवायचा असतो, लक्ष त्याला जागेवर बसवण्याकडे असते आणि मनात कोणतेही नाम वा वाक्य धरून ठेवावे लागत नाही. पहिल्यात लक्ष शब्दावर स्थिर होते, दुसऱ्यात ते शब्दावरून उतरते. भाविक लेखकाने जप जरूर करावा, पण ज्याला भाषेपासूनच काही काळ दूर राहायचे आहे त्याच्यासाठी दुसरी वाट अधिक योग्य आहे.

या वाटेचा लेखनाशी संबंध कसा लागतो, याचे स्पष्टीकरण मानसशास्त्रात काही प्रमाणात मिळते. ग्रॅहम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्जनशील विचाराचे चार टप्पे सांगितले: पूर्वतयारी, परिपाक, उद्भास आणि पडताळा. यातील परिपाक म्हणजे प्रश्न जाणीवपूर्वक बाजूला ठेवल्यावर मनाच्या तळाशी चालणारी घडण. ही घडण कोणत्या परिस्थितीत चांगली होते, याचा शोध पुढे अनेकांनी घेतला. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की मधल्या वेळात अवघड काम केलेल्या, नुसत्या बसून राहिलेल्या किंवा विश्रांतीच न घेतलेल्या लोकांपेक्षा सोपे, एकसुरी काम केलेल्यांना आधीच्या प्रश्नावर अधिक नव्या कल्पना सुचल्या. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दरवेळी तितका ठळकपणे आढळलेला नाही, म्हणून त्याला सिद्धांताचा दर्जा देता येणार नाही. तरी हाताला सोपे आणि सलग काम दिले की मन मोकळे फिरते, हा अनुभव दळण-कांडण करणाऱ्यांपासून विणकाम करणाऱ्यांपर्यंत अनेकांचा आहे. लेखकाचा हात शब्द सोडून आकाराकडे वळला की काय घडू शकते, याचे थोर उदाहरण रवींद्रनाथ ठाकुरांचे आहे. १९२४ च्या सुमारास ‘पूरबी’तील कवितांच्या हस्तलिखितात खोडलेल्या ओळी ते रेघांनी एकमेकींना जोडू लागले, त्या खाडाखोडीतून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी उमटू लागले, आणि १९३० मध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन पॅरिसमध्ये भरले. प्रत्येक लेखकाच्या मण्यांतून कला जन्मावी अशी अपेक्षा नाही. नको असलेला शब्दही हाताला आकार म्हणून दिसू शकतो, एवढेच त्यातून घ्यावे.

मणीकाम हा प्रत्येक अडचणीवरचा उपाय मात्र नव्हे, आणि हे सांगणे आवश्यक आहे, कारण लेखन टाळण्यासाठी माणूस कोणत्याही चांगल्या गोष्टीचा आडोसा घेतो. लेखन अडते ते निदान तीन प्रकारे. माहिती अपुरी असल्यामुळे अडले असेल, म्हणजे १९७२ च्या दुष्काळावरील कथेत रोजगार हमीच्या कामावर खडी कशी फोडत हे लेखकाला ठाऊक नसेल, तर त्याने ग्रंथालयात किंवा ते काम केलेल्या माणसाकडे जावे. मणी ओवून ती माहिती मिळणार नाही. झोप अपुरी असेल तर झोपावे. तिसरा प्रकार असा, की सामग्री सगळी हाताशी आहे, पण क्रम लागत नाही, सुरुवात कोठून करावी ते ठरत नाही, दोन प्रसंगांमधला दुवा सापडत नाही. या तिसऱ्या प्रकारात मणीकाम खरोखर कामी येते, कारण ते स्वतःच क्रम लावण्याचे काम आहे. लेखकाने मण्यांकडे वळण्यापूर्वी आपली अडचण यांपैकी कोणती आहे हे एका ओळीत लिहून काढावे. ती ओळ लिहिता आली नाही, तर आणखी थोडा वेळ मजकुरापाशीच बसावे.

साहित्य थोडे आणि चांगले असावे. बारीक गोल काचमण्यांचे आकार क्रमांकाने ओळखले जातात आणि क्रमांक जितका मोठा तितका मणी लहान: ६ नंबरचा मणी सुमारे ४ मिलिमीटरचा, ८ नंबरचा ३, ११ नंबरचा २ आणि १५ नंबरचा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. नवशिक्याने ८ नंबरने सुरुवात करावी आणि हात बसल्यावर ११ नंबरकडे यावे, कारण पहिल्याच दिवशी १५ नंबरचा मणी घेणाऱ्याचे लक्ष विणीपेक्षा सुईचे टोक शोधण्यातच जाते. काच तापवून तिची पोकळ नळी ओढायची, नळीचे तुकडे करायचे आणि ते पुन्हा तापवून कडा गोल करायच्या, अशा रीतीने हे मणी तयार होतात. हे शेवटचे तापवणे नीट झाले नसेल तर कडा धारदार राहतात आणि दोरा आतून कापला जातो. जपानी आणि चेक मणी महाग असले तरी आकाराने सारखे येतात, विशेषतः जपानी. आपल्याकडचे स्वस्त मणी कमी-अधिक जाडीचे निघतात, म्हणून त्यांना आधी निवडावे लागते. ही निवड वाया जात नाही. तांदूळ निवडण्याइतकीच ती शांत करणारी आहे, आणि बाजूला काढलेले चपटे मणी पट्टीला वळण द्यायचे असते तिथे उपयोगी पडतात. नळी मणी, म्हणजे लांबट नळीच्या आकाराचे मणी, दिसायला सुंदर असले तरी त्यांच्या टोकांना बहुधा धार असते, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक गोल मणी घालावा.

दोऱ्याच्या बाबतीत तंगूस सुरुवातीला सोयीचा वाटतो, कारण त्याला सुई लागत नाही. पण तो ताठ असतो, वीण कडक होते आणि काही वर्षांनी तो ठिसूळ होऊन तुटू शकतो. पट्टीसारख्या मऊ कामासाठी पीळदार किंवा चपटा नायलॉनचा बारीक दोरा घ्यावा आणि त्यावर मधमाश्यांचे मेण एकदा ओढून घ्यावे, म्हणजे तो गुंतत नाही. सुई १० किंवा १२ नंबरची मणीकामाची असावी. तिचे नेढे जवळजवळ सुईच्याच जाडीचे असते, त्यामुळे ती एकाच मण्यातून तीन-चार वेळा जाऊ शकते. दोरा एका वावेपेक्षा, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणाऱ्या अंतरापेक्षा, लांब घेऊ नये. पितळी किंवा स्टीलच्या ताटात मखमलीचा किंवा जाड बनातीचा तुकडा अंथरला की मणी घरंगळत नाहीत आणि ताट उचलून बाजूलाही ठेवता येते. पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळीच्या परिसरात, मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्यांत हे साहित्य मिळते. तिथे जाताना रंग आधी ठरवून जावे, आणि पहिल्या खेपेला तीनपेक्षा जास्त रंग आणू नयेत.

विणींचे प्रकार पुष्कळ आहेत, परंतु लेखकासाठी एकच वीण नीट शिकणे पुरे. तिला पेयोटी वीण म्हणतात. उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींच्या पेयोटी नावाच्या निवडुंगाशी निगडित विधींतील वस्तू या विणीने सजवल्या जात, त्यावरून हे नाव पडले, जरी ही वीण प्राचीन इजिप्तमध्येही आढळते. आरंभी शेपटासाठी सुमारे १५ सेंटिमीटर दोरा सोडून एक वेगळ्या रंगाचा मणी घालावा आणि त्यातून दोरा दोनदा काढावा. हा अडसराचा मणी, तो नंतर काढून टाकायचा. मग दहा मणी ओवावेत. आता अकरावा मणी सुईवर घ्यावा, सर्वांत शेवटी ओवलेला दहावा मणी सोडून द्यावा आणि सुई नवव्यातून अडसराच्या दिशेने बाहेर काढावी. पुढचा मणी घेऊन आठवा सोडावा व सातव्यातून जावे, आणि असेच एक सोडून एक करीत पहिल्या मण्यातून बाहेर यावे. या फेरीत पाच नवे मणी बसतात. दोरा हळूच ओढला की सरळ रांगेतले पहिले दहा मणी वर-खाली सरकतात, त्यांच्या आपोआप दोन ओळी होतात, आणि पट्टीची कड दातेरी दिसू लागते: एक मणी उंच, एक खोल. यानंतर काम सोपे आहे. काम उलटे धरावे, नवा मणी घ्यावा, सुई समोरच्या उंच मण्यातून काढावी; नवा मणी आपल्या खाचेत बसताना बोटाला किंचित टिचकी लागल्यासारखे जाणवते. प्रत्येक ओळीत पाच खाचा, पाच मणी. पहिल्या तीन ओळींत पट्टी पिळवटते आणि सगळे चुकले असे वाटते, तरी तिला अंगठा आणि तर्जनी यांच्यात घट्ट धरून पुढे जावे. चौथ्या-पाचव्या ओळीला ती स्वतःहून सपाट होते. ११ नंबरच्या मण्यांची अशी पट्टी जेमतेम एका बोटाइतकी रुंद होते. पुस्तकातली खूणपट्टी म्हणून ती शोभते, आणि ती पूर्ण करण्याची घाई नसल्याने हाताला सतत काम देत राहते.

दोन वेगवेगळी कामे चालू ठेवणे हिताचे असते. एक साधी, एका किंवा दोन रंगांची पट्टी, जिच्यात काहीही ठरवावे लागत नाही; लेखनाच्या दिवसांत हीच घ्यावी, कारण मन मोकळे राहायचे तर हातातले काम निर्णय मागणारे नसावे. दुसरे रचनेचे काम, म्हणजे चौकटीच्या कागदावर नक्षी काढून, रंग ठरवून केलेले. त्याला पूर्ण लक्ष लागते, म्हणून ते लेखनाला सुट्टी असलेल्या दिवसासाठी ठेवावे. या दोहोंची गल्लत झाली की मणीकामाचाही ताण होतो, आणि पुष्कळ उत्साही माणसे ही कला सोडतात ती याच ठिकाणी.

एका बैठकीला वीस ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. या वेळात रेडिओवरील चर्चा, श्राव्य पुस्तक किंवा बोल असलेले गाणे चालू ठेवू नये, कारण ज्या शब्दांपासून दूर जायचे तेच कानावाटे आत येतात. शांतता जड वाटत असेल तर नुसते वाद्यसंगीत चालेल. शेजारी एक कोरा कागद आणि पेन्सिल मात्र असावी. ओवता ओवता एखादा दुवा सुचला तर तीन-चार शब्दांत टिपून ठेवावा आणि चालू ओळ पुरी करावी. लगेच उठून लिहायला बसण्याचा मोह आवरावा, कारण पहिल्या सुचण्यामागून बहुधा दुसरे, अधिक नेमके सुचणे येत असते. याच्या उलट, काहीच सुचले नाही तरी बैठक वाया गेली असे मानू नये. सुचावे म्हणून टवकारून बसणारा मनुष्य मणी ओवत नसतो, तो लेखनाच्याच टेबलापाशी बसलेला असतो.

चुका होणारच, आणि त्या निस्तरण्याची रीत लेखकाच्या विशेष ओळखीची आहे. मणी चुकल्याचे दोन-तीन ओळींत ध्यानात आले तर सुई दोऱ्यातून काढून घ्यावी आणि आलेल्या वाटेने दोरा एकेका मण्यातून मागे ओढावा. सुईसकट उलट जाऊ नये, कारण सुईचे टोक आधीच्या दोऱ्यात शिरून गाठ बसते. चूक फार मागे असेल आणि तिथे केवळ एक मणी जास्तीचा बसला असेल, तर सगळे उसवण्याऐवजी तो मणी फोडता येतो. त्यासाठी त्याच्या भोकात जाड सुई किंवा दाभण घालून आतून दाब द्यावा. बाहेरून पक्कडीने चिरडल्यास काचेच्या कडा दोऱ्यावर येऊन तो तुटतो. हे करताना डोळ्यांवर चष्मा असावा आणि मण्यावर कापड धरावे. कोणती चूक उसवायची आणि कोणती राहू द्यायची याचा निर्णय प्रत्येकाने करायचा आहे, परंतु ताण सैल पडल्याची चूक कधीही राहू देऊ नये. चुकीचा रंग पट्टीला धोका पोचवत नाही, सैल ओळ मात्र पुढे सबंध पट्टी वाकडी करते. हस्तलिखितातही हाच भेद असतो, आणि तो तिथे ओळखायला अधिक अवघड जातो.

शरीराची काळजी घेण्यात हयगय चालत नाही. टंकलेखनाने ज्याचे मनगट दुखते, बोटांना मुंग्या येतात, त्याने लेखनाच्या लगेच नंतर मणीकाम करू नये. दोन्हींत बोटांच्या त्याच बारीक हालचाली असतात आणि दुखणे वाढते. अशा माणसाने आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. उजेड डाव्या खांद्यावरून किंवा समोरून यावा, डावखुऱ्यांसाठी उजवीकडून. दोन्ही कोपर टेबलावर टेकलेले असावेत, आणि दर वीस मिनिटांनी मान वर करून खिडकीबाहेर दूरवर पाहावे. चाळिशीनंतर जवळचा चष्मा किंवा उभे भिंग वापरण्यात संकोच नको. घरात रांगते मूल असेल तर मणी झाकणाच्या डब्यात उंचावर ठेवावेत, आणि काम आटोपल्यावर जमिनीवरून हात फिरवून सांडलेले मणी वेचावेत.

कादंबरी किंवा दीर्घ लेखन करणाऱ्यांसाठी मण्यांचा आणखी एक उपयोग आहे, पण तो पहिला खर्डा झाल्यानंतरच करावा. कादंबरीत तीन निवेदक असतील तर प्रत्येकाला एक रंग द्यावा आणि प्रत्येक प्रकरणासाठी त्या निवेदकाच्या रंगाची एक ओळ विणत जावे. चाळीस प्रकरणांची पट्टी तळहाताहूनही लहान होते, आणि तिच्यात कोणता आवाज मध्येच दहा ओळी नाहीसा झाला, कोणता शेवटी उगाच दाटला, हे एका दृष्टिक्षेपात दिसते. तक्त्यातही ते दिसू शकते हे खरे. पण ओळीमागून ओळ हाताने बसवताना लेखकाला तो अभाव बोटांत जाणवतो, एकाच रंगाच्या वाटीत सुई सारखी जात राहिल्याचा कंटाळा येतो, आणि तो कंटाळा वाचकालाही येणार आहे हे कळते. हे काम शब्दांपासूनच्या विश्रांतीत मोडत नाही, ते संपादन आहे. म्हणून त्याची वेळ वेगळी ठेवावी.

हळूहळू पट्ट्या साठतात आणि कोणीतरी त्या विकत मागते. विक्री करण्यात काहीच गैर नाही, मात्र मागणी आली की मुदत येते, मुदत आली की गिऱ्हाइकाच्या पसंतीचे रंग येतात, आणि लेखकाजवळ आधीच असलेल्या मुदतींत आणखी एकीची भर पडते. म्हणून साधी पट्टी विकायला काढू नये. विकायचीच असेल तर रचनेचे काम विकावे. पट्टी कोणाला द्यावीशी वाटली तर आनंदाने द्यावी, आणि देताना तिला उन्हात व पाण्यात ठेवू नये हे सांगावे, कारण आतून रंग लावलेले आणि धातूचा मुलामा दिलेले मणी लवकर फिके पडतात. ज्या पट्ट्या कोणालाच द्यायच्या नसतील त्या कापून मणी पुन्हा रंगवार वाट्यांत घालावेत. काच झिजत नाही, त्यामुळे तेच मणी नव्या दोऱ्यावर कितीही वेळा घेता येतात. जुना दोरा मात्र पुन्हा वापरू नये.